सामाईक भिंत

वाटणीत हेल्युकडे भट्टीचं तोंड गेलं,
माझ्याकडे पाठ.
मधे विटांची जाड भिंत, तिच्या पोटातून धूर
तीनदा वळसे घेऊन वर जातो.
आजोबांनी ती रचली तेव्हा घर एकच होतं.

भांडण जंगलावरून.
सरकारनं परत केलेली बारा हेक्टर,
अर्धी तिची, अर्धी माझी. मी माझी विकली.
आठवड्याभरात यंत्रं आली,
आणि तिच्या खिडकीतून जिथे बर्च दिसायचे
तिथे वोरूला जाणारा रस्ता दिसायला लागला.
त्या संध्याकाळी मधल्या दाराला तिनं कपाट लावलं.
मी अलीकडून ऐकत होते,
कपाटाचे चार पाय, फळ्यांवरून, एकेक करून.

अकरा हिवाळे झाले त्याला.
बोलायचं नाही, पण गारठून मरायचंही नाही,
म्हणून दर मे महिन्यात ती बाजाराला गेली की
माझ्या वाट्याचं सरपण
तिच्या शेडमध्ये रचून येते.
विकतचं. यानुस ट्रॅक्टरनं आणून टाकतो
आणि पैसे मोजताना वर बघत नाही.
एका वर्षी चिडून सगळी गाठाळ लाकडं तिला दिली,
कुऱ्हाड रुतून बसेल अशी.
त्या हिवाळ्यात भिंत पहाटेपर्यंत उबदार राहिली.
सुंभ जळतो आणि पीळ राहतो म्हणतात.
लाकडाची गाठ तशी नसते.
जळते, फक्त सावकाश.

मी त्या भिंतीला पाठ लावून बसते,
मोजे वाळवते, राईच्या पिठाचं भांडं
टेकवून ठेवते आंबायला.
पलीकडून लोखंडी दाराचा खण्ण, मग राखेचं खरवडणं,
मग तिचा खोकला, दोन छोटे, एक लांब.
तिचा खोकला मला पाठ आहे.
चेहरा आठवायला थोडा वेळ लागतो.

फेब्रुवारीत एकदा, उणे सत्तावीस,
उठले तर भिंत नुसती भिंत होती.
थांबले. कॉफी केली. कॉफी प्याले.
कान लावला. विटांना आतून काहीच नव्हतं.

मग कोट चढवून, घराला फेरा घालून,
मांडीइतक्या बर्फातून तिच्या पायरीवर.

ती खुर्चीत बसलेली, ओव्हरकोट पांघरून,
उजवं मनगट भलत्याच कोनात मांडीवर.
टोपली उलटी, ढलप्या खोलीभर.
मला बघून म्हणाली,
"यानुस तुला फसवतो. यंदाचं लाकूड ओलं आहे."
मी म्हणाले, "ठाऊक आहे."

फोन केला. वोरूहून गाडी निघाली, म्हणाले,
रस्ता मोकळा झाला की पोचेल.
मी भट्टीपुढे गुडघे टेकले.
लहानपणी हे काम थोरलीचं, मला काड्यांना
हात लावू द्यायचे नाहीत.
खाली बर्चचं साल, वर काटक्या, काडी ओढली,
आणि सगळा धूर खोलीत.
"झडप," ती ओरडली. "झडप ओढ ना, गाढवे!"

आई गेल्यापासून मला कुणी गाढवे म्हटलं नव्हतं.

झडप ओढली. जाळ धरला, भट्टी गुरगुरायला लागली.
कपाटाच्या मागे हात घालून भिंत चाचपली, गार.
अर्ध्या तासानं पुन्हा, तशीच गार.
वाटलं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं.

"चार तास," हेल्यु म्हणाली, डोळे मिटलेले.
"वीट जाड आहे. तुझ्या बाजूला पोचायला
चार तास लागतात."

मी आठला उठते.
लहानपणापासून आठला, त्याआधी नाही,
घरादाराला माहीत आहे.

मनातल्या मनात वजाबाकी केली.
उत्तर पटेना म्हणून परत केली.
मग उठले, आणि सांडलेल्या ढलप्यांमधून
सगळ्यात मोठी गाठ
शोधायला लागले.